आधी रणभूमी, मग सैन्य: मिनिएचर वॉरगेमसाठी टेरेन आणि आर्मी कशी उभी करावी

मिनिएचर वॉरगेममध्ये, म्हणजे छोट्या मूर्तींची सैन्यं टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळात, नव्याने येणारा बहुतेक जण सैन्यापासून सुरुवात करतो. मोठा बॉक्स घेतो, दोन रात्री जागून सगळं चिकटवतो, चार सैनिक हौसेने रंगवतो आणि उरलेले करडे प्लास्टिकवाले कपाटात जातात. ते तिथून सहसा बाहेर येत नाहीत. म्हणून माझा सल्ला थोडा उलटा आहे: आधी टेरेन करा, म्हणजे पडकी घरं, भिंती, टेकड्या, झाडं. सैन्य त्यानंतर.

याला तीन कारणं आहेत. टेरेनचं सामान स्वस्त असतं आणि त्यावर चूक झाली तरी ती पडझड म्हणून खपून जाते. ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणं) आणि वॉश (पातळ रंग खोलगट भागांत साचवून सावली देणं) ही ज्या दोन तंत्रांवर अख्खं सैन्य रंगवायचं असतं, ती टेरेनवर मोठ्या पृष्ठभागावर शिकून होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पटाचा रंग एकदा ठरला की सैनिकांचे बेस, म्हणजे पायाखालच्या चकत्या, कसे करायचे आणि गणवेश किती उठावदार ठेवायचा, हे प्रश्न अर्धे सुटलेले असतात.

खेळ आणि स्केल

खेळ कोणता निवडायचा याचं उत्तर नियमपुस्तकात नसतं. तुमच्यासोबत खेळणारे लोक जो खेळतात, तोच तुमचा खेळ. एकट्याने निवडलेला उत्तम खेळ शेवटी शोकेसची शोभा होतो. अजून कोणीच खेळत नसेल, तर दोन लहान तुकड्या तुम्हीच करा, म्हणजे समोरच्याला फक्त येऊन बसायचं उरतं.

स्केल मात्र नीट समजून घ्या, कारण टेरेनची सगळी मापं त्यावर ठरतात. सगळ्यात जास्त चालतं ते २८ मिमी. यात साधारण उंचीच्या माणसाची मूर्ती तळव्यापासून डोळ्यांपर्यंत सुमारे २८ मिमी भरते, म्हणजे ढोबळमानाने १:५६. 'हिरोइक' म्हणतात त्या मूर्तींची डोकी, हात आणि शस्त्रं मुद्दाम मोठी असतात, त्यामुळे त्या रंगवायला सोप्या जातात. १५ मिमी म्हणजे जवळपास १:१०० आणि ६ मिमी म्हणजे १:३००च्या आसपास. मोठ्या ऐतिहासिक लढाया लहान टेबलावर मांडायच्या तर हीच स्केल बरी. पुढची सगळी मापं २८ मिमीसाठी आहेत.

पटाचा आकार खेळ सांगतो. वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या २००० पॉइंट्सच्या (म्हणजे सैन्याच्या एकूण किमतीच्या) सामन्याला ४४ × ६० इंच लागतात, बऱ्याच ऐतिहासिक खेळांना ६ × ४ फूट, आणि चकमकीच्या लहान खेळांना ३ × ३ फूट किंवा त्याहूनही कमी. पहिला पट लहानच करा.

रंगांचा हिशेब ब्रश हातात घेण्याआधी

खेळताना मूर्ती दोन-तीन फुटांवरून दिसतात. एवढ्या अंतरावरून डोळ्यांतली बुबुळं कोणालाच दिसत नाहीत. दिसतो तो सैन्याचा एकूण रंग आणि तो जमिनीपासून किती वेगळा उठतो, एवढंच. त्यामुळे पट फिका आणि मातकट ठेवायचा, सैन्य ठळक. जमीन तपकिरी-करडी, दगड थंड करडा, गवत वाळल्यासारखं. यावर लाल, निळा, हस्तिदंती, पिवळा असा कुठलाही गणवेश उठून दिसतो. हिरव्यागार पटावर हिरव्या गणवेशाचं सैन्य मात्र टेबलावर सापडत नाही. प्रत्यक्ष लढाईत छद्मावरण हा गुण असेल, खेळात तो तापच आहे.

सैन्यासाठी एक मुख्य रंग, एक दुय्यम रंग, एक धातू आणि अगदी थोडा एक भडक रंग, एवढं पुरतं. चामडं आणि लाकूड एकाच तपकिरीत उरकून टाका. पटासाठी जो तपकिरी आणि हाडासारखा पिवळट रंग वापराल, तोच सैनिकांच्या बेसवर वापरायचा. ते दोन रंग जास्तीचे घेऊन ठेवा.

पडकं घर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

शिकायला यासारखा नमुना नाही. सामान: १० मिमी जाडीचा एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोम, ३ मिमी एमडीएफचा तळ, धारदार कटर, स्टीलची पट्टी, पांढरा फेविकॉलसारखा पीव्हीए गोंद, बारीक वाळू आणि स्वस्त ॲक्रिलिक रंग. दाणेदार थर्माकोल शक्यतो टाळा. कापताना त्याचे मणी सुटतात आणि त्यावर विटांची रेघ धड उमटत नाही. एक्सपीएसचा पोत बारीक आणि एकसंध असतो, पेन्सिलीने दाबलं की खूण राहते.

एक मजला ७५ मिमी धरा. खऱ्या प्रमाणात हे जरा उंच होतं, पण सैनिक ३-४ मिमीच्या बेसवर उभा असतो आणि आपली बोटंही आत जायला हवीत. दरवाजा ४५ मिमी उंच ठेवा, आणि रुंदी तुमच्या नेहमीच्या बेसपेक्षा थोडी जास्त. ३२ मिमीचा बेस असेल तर ३६ मिमी. दोन भिंती काटकोनात, वरची कड तुटलेली, एवढा एल आकार पहिल्या घराला पुरे. चार भिंतींचं बंद घर सुंदर दिसतं, पण त्याच्या आत सैनिक ठेवताना तुमची मनगटं अडकतात.

कापताना एका दमात पाती दाबू नका. पहिल्यांदा हलकी रेघ, दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत, तिसऱ्यांदा आरपार. पाती बोथट झाली की फोम कापण्याऐवजी फाटतो, तेव्हा पाती बदलण्यात कंजूषपणा करू नका. गरम तारेचा कटर वापरणार असाल तर खिडक्या उघड्या हव्यात, फोम वितळताना निघणारा धूर छातीला चांगला नाही.

आता विटा. खरी वीट या स्केलला उतरवली तर जेमतेम ४ × १ मिमी होते. इतक्या बारीक रेघांवर ड्रायब्रश काहीच पकडत नाही, सगळी भिंत सपाट राखाडी दिसते. म्हणून १० × ५ मिमीच्या दगडी चिऱ्यांच्या रेघा मारा. बोथट पेन्सिलीने आडव्या ओळी आधी, मग उभ्या, दर ओळीत अर्धा चिरा सरकवून. दोन-चार चिरे बोटाने आत दाबा, एक-दोन पूर्ण खरवडून काढा. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा भिंतीवर दाबून फिरवा. या एका कृतीने गुळगुळीत फोम अचानक दगडासारखा दिसायला लागतो. तुटलेल्या कडेवर पट्टी वापरू नका, तिथे फोम हाताने मोडायचा.

भिंती तळावर चिकटवा, तळाच्या कडा तिरक्या घासून घ्या (एमडीएफची धूळ बारीक असते, मास्क लावा), पायथ्याशी फोमचे उरलेले तुकडे ढिगाऱ्यासारखे ठेवा, त्यावर गोंद आणि वाळू. जाड पुठ्ठ्याचा तळ केलात तर तो ओल्या गोंदाने वाकतो. दुसरा पर्याय नसेल तर दोन्ही बाजूंना गोंद लावा, म्हणजे ताण समान होतो.

यानंतरची पायरी लोक विसरतात आणि मग हळहळतात. साध्या स्प्रे कॅनमधलं द्रावक फोम खाऊन टाकतं. तेव्हा आधी काळा ॲक्रिलिक रंग आणि पीव्हीए निम्मे-निम्मे मिसळून संपूर्ण भिंतीवर लावा, अगदी प्रत्येक फटीत. हा थर फोमला कडकपणा देतो आणि तळरंगाचं कामही करतो. रात्रभर वाळू द्या. स्प्रेची मग गरजच उरत नाही.

रंग तीन थरांत. पहिला गडद करडा, मोठ्या ब्रशने बऱ्यापैकी ओला, फक्त खोलगट रेघा काळ्या राहतील असा. दुसरा मध्यम करडा, खऱ्या अर्थाने ड्रायब्रश: रंगात ब्रश टेकवा, कागदावर इतका पुसा की कागदावर जवळपास काही उमटेनासं होईल, मग चिऱ्यांच्या कडांवरून वरून खाली हलकेच फिरवा. पहिल्या पाच-सहा फटकाऱ्यांत काहीच होत नाही असं वाटतं. तेव्हाच हात आवरायचा असतो, जास्त रंग घ्यायचा नसतो. हळूहळू कडा उजळतात आणि दगडाला दगडाचा आकार येतो. तिसरा थर तो हाडासारखा पिवळट, फक्त वरच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर.

एवढ्यावर थांबलात तरी चालेल. पण अजून अर्धा तास असेल तर दहा-बारा चिरे फिक्या तपकिरी आणि मळकट हिरव्या रंगाने वेगळे काढा आणि सगळ्यावर पातळ तपकिरी-काळा वॉश द्या. पायथ्याच्या वाळूला पटाचा तपकिरी आणि वर पिवळट ड्रायब्रश. शेवटी तोच तपकिरी रंग भिंतीच्या खालच्या दोन-तीन चिऱ्यांवर हलका फिरवा. यामुळे घर जमिनीतून वर आल्यासारखं दिसतं, वरून आणून ठेवल्यासारखं नाही.

बाकीचं टेरेन

टेकडीला २५ मिमीचा फोम घ्या आणि ती उताराची न करता पायऱ्यांची करा. गुळगुळीत उतारावर मूर्ती घसरतात, आणि धातूची मूर्ती घसरली की रंग उडतोच. झाडं तळावर कायमची चिकटवू नका. तळाचा तुकडा म्हणजे 'जंगल', आणि झाडं सुटी, म्हणजे सैनिक आत आले की बाजूला करता येतात. रस्ते आणि नद्या जाड कापडावर ॲक्रिलिक कॉक (फटी बुजवायची पेस्ट) पसरून करता येतात. ते लवचीक राहतात, गुंडाळून ठेवता येतात. दुकानात सिलिकॉनचं कॉकही मिळतं. त्यावर रंग बसत नाही, म्हणून डब्यावरचं नाव वाचून घ्या. पाण्यासाठी महागड्या रेझिनची गरज नाही. गडद हिरवट-तपकिरी तळ आणि त्यावर ग्लॉस वार्निशचे तीन-चार थर भरपूर झाले.

पट मांडताना

मोकळ्या मैदानात लांब पल्ल्याचं सैन्य दुसऱ्या फेरीतच सामना संपवतं. जुना ठोकताळा असा की पटाचा साधारण चौथा भाग टेरेनने भरलेला असावा. मध्याजवळ निदान एक तुकडा असा हवा की त्यामागे तुमची सर्वांत मोठी मूर्ती पूर्ण लपेल. दोन तुकड्यांमधल्या वाटा तुमच्या सर्वांत मोठ्या बेसपेक्षा रुंद ठेवा, नाहीतर रणगाडा त्याच्याच छावणीत अडकून पडतो. पिंपं, कुंपणं, पोती असं किरकोळ सामान शेवटी. मांडून झाल्यावर डोळे पटाच्या पातळीला आणून दोन्ही बाजूंनी बघा. कुठून कुठवर सरळ नेम लागतो ते उभ्याने कधीच कळत नाही.

सैन्याची यादी

बहुतेक खेळांत प्रत्येक तुकडीला पॉइंट्स असतात आणि दोन्ही बाजू ठरलेल्या मर्यादेत सैन्य मांडतात. पहिलं लक्ष्य ५०० पॉइंट्सचं ठेवा: एक सेनापती, पायदळाच्या दोन तुकड्या आणि एक काहीतरी मोठं, ज्याच्यामुळे तुम्ही या सैन्याच्या प्रेमात पडलात. ते मोठं मॉडेल सगळ्यात शेवटी रंगवायचं. हे बक्षीस पुढे लटकलेलं असलं की पायदळ पूर्ण होतं.

नियमांत आज जोरदार असलेली तुकडी बघून खरेदी करू नका. नियम बदलतात आणि पॉइंट्स तर वर्षात अनेकदा. वॉरहॅमर ४०,०००चंच बघा: आठवी आवृत्ती २०१७मध्ये, नववी २०२०मध्ये, दहावी २०२३मध्ये आली. तुम्ही रंगवून पूर्ण करेपर्यंत 'जिंकणारी' यादी हरणारी झालेली असते. दिसायला आवडलेली मूर्ती मात्र दहा वर्षांनीही आवडते.

जोडणी

साहित्यावर गोंद ठरतो. कडक प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीनसाठी प्लास्टिक सिमेंट. ते दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करतं. रेझिन आणि धातूवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, तिथे सुपरग्लू लागतो.

क्लिपरची सपाट बाजू मूर्तीकडे ठेवून आधी तुकडा प्लास्टिकच्या चौकटीतून थोडं अंतर राखून कापा, मग उरलेला खुंट जवळून. थेट जवळून कापलं तर प्लास्टिकवर पांढरा ताण येतो किंवा खड्डा पडतो. साच्याची बारीक रेघ पातीच्या पाठीने खरवडून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण ही रेघ राहिली तर ड्रायब्रश तिलाच आधी पकडतो आणि सैनिकाच्या गालावरून पांढरी रेघ जाते. रेझिनच्या मूर्ती कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर (रंगाआधीचा तळथर) सुटतो. रेझिन घासायचं ते ओलं करून आणि मास्क लावून. वाकलेला रेझिनचा भाला गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा.

सगळं एकदम चिकटवायची घाई नको. छातीवर आडवी धरलेली बंदूक, मोठी ढाल, घोड्यावरचा स्वार हे सुटे ठेवून रंगवले तर मागे ब्रश पोचतो. धातूचे जड भाग नुसत्या सुपरग्लूवर टिकत नाहीत. १ मिमीचं भोक पाडून आत तारेची पिन घाला. आणि मोठ्या मॉडेलला शस्त्रांचे पर्याय असतील तर नियम बदलतील तेव्हासाठी खांद्यात निओडिमियमचे लहान मॅग्नेट बसवा. चिकटवण्याआधी प्रत्येक मॅग्नेटच्या एकाच बाजूला मार्करने खूण करा. ध्रुव उलटे बसले की हात खांद्याला चिकटण्याऐवजी उडून जातो.

प्रायमर

कॅन दोन मिनिटं हलवा, २०-३० सेंमी अंतर ठेवा, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. दोन-तीन पातळ थर. काम मोकळ्या हवेत, मास्क लावून. दमट हवेत स्प्रे खरखरीत बसतो किंवा पांढुरका पडतो. अशा दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर घ्या आणि हवा सुधारायची वाट बघत बसू नका.

मला आवडणारी पद्धत अशी: सगळीकडून काळा, मग फक्त वरून तिरका पांढरा. सावल्या आणि उजेड आयतेच तयार होतात, आणि कुठला भाग कसा आहे हे डोळ्यांना आधीच कळतं.

पायदळ रंगवणं

पाच ते दहा मूर्तींचा घाणा एका वेळी. त्याहून कमी घेतल्या तर वेळ वाया जातो, वीस घेतल्या तर उत्साह. प्रत्येक रंग सगळ्या मूर्तींवर लावून मगच पुढचा रंग उघडायचा. दहावी मूर्ती होईपर्यंत पहिली वाळलेली असते, थांबायला लागत नाही.

पण त्याआधी एकच मूर्ती पूर्ण रंगवा, बेससकट, आणि ती तयार टेरेनशेजारी ठेवून तीन फुटांवरून बघा. रंगसंगती पटली तर वापरलेले सगळे रंग, क्रम आणि मिश्रणं एका कागदावर लिहून ठेवा. चार महिन्यांनी दुसरी तुकडी करायला घ्याल तेव्हा 'तो निळा नेमका कोणता होता' हे आठवणार नाही.

रंग पाण्याने साईच्या दाटपणापर्यंत पातळ करा. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी चांगले. उथळ डब्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद, अशी ओली पॅलेट केलीत तर रंग तासन्‌तास वाळत नाही. ब्रश १ किंवा २ नंबरचा, टोक अणकुचीदार असलेला. नवखे लोक बारीक काम म्हणून ०००चा ब्रश घेतात, पण त्यात रंगच मावत नाही, तो टोकाशी येईपर्यंत वाळतो.

क्रम आतून बाहेर: त्वचा, कपडे, चामडं, शस्त्रं. धातू ड्रायब्रश करणार असाल तर तो सगळ्यात आधी, कारण त्याचे शिंतोडे सगळीकडे जातात. मग वॉश: त्वचा आणि सोनेरीवर तपकिरी, पोलादावर काळा. वॉश खोलगट भागात साचायला हवा, सपाट भागावर डबकं होऊन नाही. डबकं दिसलं की ओलसर स्वच्छ ब्रशने टिपून घ्या, पण वाळायला लागल्यावर हात लावू नका, डाग पडतो. पूर्ण वाळल्यावर मूळ रंग उंचवट्यांवर पुन्हा, आणि त्याहून फिका रंग फक्त चेहरा, खांदे आणि शस्त्राच्या कडेला. सामान्य शिपायासाठी एवढंच. सेनापतीवर मनसोक्त वेळ घालवा, समोरचा त्यालाच उचलून बघतो.

याहून वेगवान मार्ग हवा असेल तर काळ्या प्रायमरवर करडा आणि पांढरा ड्रायब्रश करा आणि वर पारदर्शक कॉन्ट्रास्ट प्रकारचे रंग एकेका थरात लावा. वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपने २०१९मध्ये हे रंग आणल्यापासून मोठी सैन्यं पूर्ण होण्याचं प्रमाण, निदान माझ्या आजूबाजूला, नक्की वाढलं. मोठ्या सपाट चिलखतावर ते ढगाळ दिसतात. फर, कापड, कातडी यांवर मात्र अप्रतिम.

बेस आणि वार्निश

बेसवर गोंद, वाळू, पटाचा तपकिरी, पिवळट ड्रायब्रश, गवताचा एक-दोन झुपका. बेसची कड सगळ्या सैन्याला एकाच रंगाची. कच्च्या रंगकामाचं सैन्यही सारख्या, नीट बेसवर शिस्तीत दिसतं. उलट झकास रंगवलेल्या मूर्ती नुसत्या काळ्या प्लास्टिकच्या चकतीवर अर्धवट वाटतात.

खेळायचं म्हणजे हाताळायचं, तेव्हा वार्निश हवंच. ज्यांना फार हाताळणार त्यांना आधी ग्लॉस, मग मॅट. दमट हवेत मॅट स्प्रे पांढरा धरतो, म्हणून आधी एका टाकाऊ मूर्तीवर मारून बघा.

ठेवायचं कसं

बेसच्या पोकळीत ५ × २ मिमीचा मॅग्नेट आणि पत्र्याचा तळ असलेली पेटी, एवढ्यात सैन्य सुरक्षित प्रवास करतं. फोमच्या खाचांत भाले आणि झेंडे अडकतात, मॅग्नेटवर नाही. टेरेनच्या पेटीत जड तुकडे खाली, झाडं वेगळ्या डब्यात. आणि रंगांचा तो कागद सैन्याच्याच पेटीत, झाकणाच्या आत चिकटवून ठेवा. टवका उडाला की कुठला रंग लावायचा ते तिथेच सापडेल.